महासंघाबाहेरची संपन्नता आणि तिची किंमत

युरोपीय महासंघाबाहेर राहूनही देश संपन्न होऊ शकतो, याचा दाखला म्हणून नॉर्वेचे नाव हमखास घेतले जाते. १९७२ च्या सार्वमतात ५३.५ टक्के आणि १९९४ मध्ये ५२.२ टक्के मतदारांनी सदस्यत्वाच्या विरोधात कौल दिला. दुसऱ्या खेपेला शेजारच्या स्वीडन व फिनलंडने मात्र होकार दिला आणि १ जानेवारी १९९५ रोजी ते महासंघात दाखल झाले.

विरोधाचा जोर राजधानी ऑस्लोपेक्षा उत्तरेकडील किनारपट्टीवर व ग्रामीण भागात अधिक होता. आपल्या समुद्रातील मासळीवर परकी जहाजे हक्क सांगतील, ही मच्छीमारांची धास्ती होती. तर थंड प्रदेशातील शेती स्वस्त आयातीपुढे टिकणार नाही, ही शेतकऱ्यांची.

तथापि, नॉर्वेचे वैभव या नकारातून आले, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. १९६९ मध्ये उत्तर समुद्रात एकोफिस्क हे प्रचंड तेलक्षेत्र सापडले. तेलाचा पैसा उधळून न टाकता नॉर्वेने १९९० मध्ये कायदा करून स्वतंत्र निधी स्थापन केला आणि १९९६ पासून त्यात भर घालण्यास सुरुवात केली. आज तो जगातील सर्वांत मोठ्या सरकारी गुंतवणूक निधींपैकी एक आहे. हे तेल आणि ही काटकसर महासंघात राहूनही शक्य होती.

शिवाय नॉर्वे पूर्णपणे बाहेर नाहीच. १९९४ पासून लागू झालेल्या युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या करारामुळे त्याला महासंघाची सामायिक बाजारपेठ खुली आहे. शेती व मत्स्यव्यवसायाची धोरणे त्याने स्वतःच्या हाती राखली. भारताशी २०२४ मध्ये झालेल्या व्यापार करारासारखे करारही तो स्वित्झर्लंड, आइसलँड व लिकटेनस्टाइन यांच्यासमवेत करू शकतो. मात्र या बाजारपेठेचे नियम ब्रुसेल्समध्ये ठरतात आणि तेथे नॉर्वेला मताधिकार नाही. महासंघातील तुलनेने गरीब देशांच्या विकासासाठी त्याला निधीही द्यावा लागतो. कायदे फॅक्सवरून येतात, अशा अर्थाने नॉर्वेतच या व्यवस्थेला उपहासाने ‘फॅक्स लोकशाही’ म्हटले गेले.

ब्रिटनने नेमका उलट मार्ग निवडला. २०१६ च्या सार्वमतानंतर ३१ जानेवारी २०२० रोजी महासंघ सोडताना त्याने सामायिक बाजारपेठेचाही त्याग करण्याचे ठरवले. नियम करण्याचा अधिकार परत मिळाला. पण निर्यातदारांच्या वाट्याला सीमेवरील तपासणी आणि कागदपत्रांचा ससेमिरा आला. या निर्णयामुळे देशाची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील, असा तेथील अर्थसंकल्पविषयक अधिकृत संस्थेचा अंदाज आहे.

याउलट १९७३ मध्ये सामील झालेला आयर्लंड तेव्हा पश्चिम युरोपातील गरीब देशांत गणला जाई. कमी कंपनी कर, इंग्रजी जाणणारा शिक्षित वर्ग आणि युरोपची विशाल बाजारपेठ यांच्या बळावर त्याने अमेरिकी उद्योग खेचून आणले व तो श्रीमंत झाला.

सारांश, संपन्नता केवळ आत वा बाहेर असण्यावर ठरत नाही. निसर्गाचे देणे, धोरणातील शहाणपण आणि मोठ्या बाजारपेठेशी असलेले नाते यांवर ती अवलंबून असते. बाहेर राहण्याची किंमत मात्र चुकत नाही: नॉर्वे ती मताधिकार गमावून मोजतो, तर ब्रिटन व्यापार गमावून.