फ्रिजवरचे फोटो आणि ऐंशी चर्च

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज इअरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे" जरा कमी केलेत.

गोष्ट एका फ्रिजपासून सुरू होते. अमेरिकेत टेनेसी राज्यात मी दोन वर्षं शिकायला होतो. एका निवृत्त जोडप्याच्या घरात वरची खोली भाड्यानं घेतली होती. त्यांच्या फ्रिजचं दार कधी दिसायचंच नाही, सगळं पोस्टकार्डाएवढ्या फोटोंनी झाकलेलं. प्रत्येक फोटोत आई, बाबा, तीन-चार मुलं, इस्त्रीचे कपडे आणि खाली एका देशाचं नाव. ब्राझील, केनिया, फिलिपाईन्स. मला आधी वाटलं नातवंडं असतील. पण इतक्या देशांत? मग घरमालकीणबाईंनी (मनातल्या मनात मी त्यांना आजी म्हणायचो) सांगितलं, ही आमच्या चर्चनं मदत केलेली मिशनरी कुटुंबं. रोज रात्री जेवणाआधी एक कार्ड काढायचं आणि त्या कुटुंबासाठी प्रार्थना करायची.

आणि एका शनिवारी त्यातलं एक कार्ड दारात उभं राहिलं. उत्तर थायलंडमध्ये काम करणारं कुटुंब. नवरा-बायको, तीन मुलं, एक जुनी व्हॅन. मुक्काम दोन रात्री.

आता हे लोक फिरतात का? आपल्याला वाटतं की मिशनरी म्हणजे एखादी मोठी संस्था पगार देऊन पाठवते. काहींच्या बाबतीत ते खरं आहे. सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या गटानं १९२५ मध्ये एक सामाईक निधी सुरू केला. चर्चेस त्यात पैसे टाकतात आणि त्यांच्या मिशनऱ्यांना त्यातून पगार मिळतो. पण बॅप्टिस्टांची मुळातली गंमत अशी, की प्रत्येक मंडळी स्वतंत्र. वर बिशप नाही, कुणाचा आदेश नाही. त्यातही जे स्वतःला 'इंडिपेंडंट बॅप्टिस्ट' म्हणवतात, त्यांना सामाईक निधीही नको असतो. पैसे देणाऱ्या चर्चला मिशनरी चेहऱ्यानं ओळखता आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मग ओळख करून द्यायला मिशनऱ्यालाच दारोदार जावं लागतं.

याला ते 'डेप्युटेशन' म्हणतात. आपल्याकडे डेप्युटेशन म्हणजे सरकारी बाबूची दुसऱ्या खात्यात बदली. आणि चार-पाच वर्षं परदेशात काम करून परत आल्यावर हिशोब द्यायला पुन्हा सगळ्या चर्चेसना भेटायचं, त्या काळाला म्हणतात 'फर्लो'. आपल्याकडे तो शब्द तुरुंगातल्या रजेसाठी! थायलंडवाल्या बाईंना मी हे सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की नवरा बाहेरून बघायला आला.

जरा गणित करू. धरून चला, कुटुंबाला महिन्याला ६००० डॉलर लागतात. यात घरभाडं, विमा, मुलांचं शिक्षण, विमानाची तिकिटं, तिथल्या कामाचा खर्च, सगळं आलं. एक चर्च साधारण ७५ डॉलर महिना कबूल करतं असं मानू. म्हणजे झाली ऐंशी चर्चेस. पण भेट दिलेलं प्रत्येक चर्च हो म्हणत नाही. निम्म्यांनी हो म्हटलं तरी एकशे साठ ठिकाणी उभं राहायचं. आठवड्यात संधी तीनच, रविवारी सकाळ, रविवारी संध्याकाळ आणि बुधवारी संध्याकाळ. त्यातही तारखा जुळत नाहीत. रविवार टेनेसीत, बुधवार ओहायोत, पुढचा रविवार जॉर्जियात. त्यामुळे निघण्याआधीच दोन-तीन वर्षं रस्त्यावर जातात. आणि प्रत्येक तारखेच्या मागे फोन असतात. पास्टर बाहेर गेलेत, नंतर करा. पुढच्या वर्षी बघू. वर्गणी मागायला गेलेल्या कुणालाही हे आवाज ओळखीचे वाटतील.

ही पद्धत आजची नाही. १८१२ मध्ये अमेरिकेतून पहिल्या मिशनऱ्यांची तुकडी भारताकडे निघाली. 'हार्मनी' नावाच्या जहाजावर तीन तरुण होते : गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि ल्यूथर राईस. हॉल आणि नॉट १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले आणि त्यांनी अमेरिकन मराठी मिशन सुरू केलं. नगरच्या आणि 'ज्ञानोदय'च्या इतिहासाचा धागा तिथवर जातो. ते दोघं बॅप्टिस्ट नव्हते. राईस मात्र कलकत्त्यात पोहोचल्यावर बॅप्टिस्ट झाला. दुसऱ्या जहाजानं आलेले त्याचे सोबती अडोनिराम आणि अ‍ॅन जडसनही झाले. आता पंचाईत! पाठवणारी संस्था बॅप्टिस्ट नाही, म्हणजे तिचे पैसे घेता येत नाहीत. मग ठरलं की जडसन दांपत्यानं इकडेच राहायचं (पुढे ते ब्रह्मदेशात गेले) आणि राईसनं अमेरिकेला परत जाऊन बॅप्टिस्टांना जागं करायचं. १८१४ मध्ये फिलाडेल्फियात बॅप्टिस्टांची पहिली देशव्यापी मिशनरी संघटना उभी राहिली, त्यात राईसचा मोठा वाटा. त्यानंतर तो घोड्यावर, घोडागाडीत, गावोगाव पैसे आणि पाठिंबा गोळा करत फिरला आणि १८३६ मध्ये दक्षिण कॅरोलिनात वारला. मिशनरी म्हणून आशियात तो पुन्हा आलाच नाही. दौरा हेच त्याचं काम होऊन बसलं. मला यात हॉलपेक्षा राईस जास्त चटका लावतो.

परत स्वयंपाकघरात येऊ. ही कुटुंबं राहतात कुठं? कधी अशी कुणाच्या घरी, कधी चर्चच्या आवारातल्या खोलीत. त्या खोलीला 'प्रॉफेट्स चेंबर' म्हणतात. बायबलमध्ये शूनेम गावातली एक बाई अलीशा संदेष्ट्यासाठी वर एक खोली बांधते आणि तिथं खाट, मेज, बसायला आसन, दिवा ठेवते, त्यावरून हे नाव. काही चर्चेसची खोली हॉटेलला लाजवेल अशी. काहींची म्हणजे जुने पंखे ठेवायच्या जागेत टाकलेला सोफा. थायलंडवाल्या बाईंकडे व्हॅनमध्ये एक डबा होता, त्यात उशांचे अभ्रे, फ्यूज आणि उंदराचा सापळा. "अनुभव," एवढंच त्या म्हणाल्या.

मुलांची शाळा व्हॅनमध्येच. मागच्या सीटवर गणिताचं पुस्तक आणि खाली सांडलेले चिप्स. नऊ वर्षांच्या मोठ्या मुलाला मी सहज विचारलं, तू कुठला रे? तो गंभीरपणे म्हणाला, "कोणत्या अर्थानं?" पासपोर्ट अमेरिकेचा, मित्र थायलंडमध्ये, सामान आजोळी केंटकीत. मी "असंच" म्हणून विषय बदलला.

रविवारी मी कुतूहलानं त्यांच्यासोबत चर्चला गेलो. प्रवेशाशीच टेबल मांडलं होतं. नकाशा, थाई कापड, बांबूची भातटोपली, फोटोकार्डांचा गठ्ठा. मग छोटा व्हिडिओ, मग मुलांचं थाई भाषेत गाणं. धाकटीनं तोंड उघडलंच नाही, ती नुसती आपल्या बुटांकडे बघत राहिली. नाटकाच्या दौऱ्यावरच्या माणसांना विचारा, रोज नव्या गावात तोच प्रयोग काय असतो. फक्त इथं पात्रं म्हणजे स्वतःचीच मुलं, आणि प्रयोगानंतर जेवताना प्रेक्षक बघत असतात की मुलं भाजी खातात का.

मग तो माणूस बोलायला उभा राहिला. म्हणाला, चार वर्षांत आमच्याकडे नियमित येणारे लोक झाले अकरा. सभागृह गप्प. कुणीतरी "आमेन" म्हणालं, पण जरा उशिरा.

रात्री भांडी विसळताना खरी गोष्ट कळली. आदल्या दिवशी ई-मेल आला होता. एका चर्चमध्ये नवे पास्टर आले, बजेट बदललं, ७५ डॉलर बंद. तो म्हणाला, "अकराच्या ऐवजी डझनभर म्हणावंसं वाटतं कधी कधी. खोटंही नाही ना फारसं." बायकोनं नळ बंद केला आणि म्हणाली, "मग बाराव्याचं नाव सांग." तो काही बोलला नाही. तिनं परत नळ सुरू केला.

धर्मांतराबद्दल माझी मतं वेगळी आहेत आणि तो मोठा, वेगळा विषय आहे. पण हा पॉडकास्टही तुमच्यातल्या काही जणांच्या महिन्याच्या पन्नास-शंभर रुपयांवर चालतो. डाउनलोडचा आकडा सांगताना माझीही जीभ वरच्या हजाराकडे वळते. त्यामुळे ते सिंकजवळचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यांची व्हॅन सोमवारी पहाटे अलाबामाकडे निघाली. आजींनी सँडविचेस बांधून दिली. तीन आठवड्यांनी चर्चच्या सभासदांची बैठक झाली आणि मतदान घेऊन त्या कुटुंबाची रक्कम महिन्याला २५ डॉलरनं वाढवली. आजोबांनी पन्नास सुचवले होते, पण छताची दुरुस्ती निघाली होती. राहिलेल्या पन्नासांसाठी ते आणखी कुठं उभे राहिले, मला कळलं नाही.

फ्रिजवरचं जुनं कार्ड आजींनी काढलं आणि त्यांनी दिलेलं नवं लावलं. जुन्यात दोनच मुलं होती. नव्यात धाकटी आली होती, आणि तिथंही ती बुटांकडेच बघत होती.

चला, भेटू पुढच्या भागात.