महाविद्यालयातला ई-कचरा आणि त्याचे धनी

आपल्या शहादा तालुक्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर रेशन, शिष्यवृत्ती, प्रवेशअर्ज, सातबारा, सारेच संगणकावर गेले. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या म्हसावदसारख्या गावीही महाविद्यालयात संगणकाची खोली असते आणि मुलांच्या खिशात मोबाईल असतो. यंत्र आले तेव्हा आपण त्याला हळदकुंकू वाहिले. ते म्हातारे झाल्यावर कोठे जाते, हे मात्र कोणी विचारले नाही. आज त्याचाच विचार आपण करावयाचा आहे.

कोणत्याही महाविद्यालयाच्या जिन्याखाली किंवा गच्चीवरच्या खोलीत डोकावून पाहा. जुने पेटीसारखे मॉनिटर, छपाईयंत्रे, बॅटऱ्या, वायरींची भेंडोळी धूळ खात पडलेली दिसतील. ही अडगळ साध्या भंगारासारखी नाही. जुन्या मॉनिटरच्या जाड काचेत शिसे असते. नळीच्या दिव्यात पारा असतो. मोबाईलच्या बॅटरीत लिथियम असते; ती दबली वा फुटली तर पेट घेते. आणि याच सामानात तांबे, चांदी व सोनेही असते. खाणीतील एक टन दगडातून जेमतेम काही ग्रॅम सोने निघते. तेवढ्याच वजनाच्या संगणकी पट्ट्यांतून त्याच्या कितीतरी पट निघू शकते. विष आणि धन एकाच डब्यात भरलेले आहे, आणि सारा घोटाळा त्यातूनच उत्पन्न होतो.

घोटाळा असा. डेडस्टॉक रजिस्टरातील वस्तू निकामी ठरली की निर्लेखन समिती बसते, दरपत्रके मागविली जातात आणि जो अधिक भाव देईल त्याला माल दिला जातो. कागदोपत्री यात काहीच गैर नाही. पण अधिक भाव कोणाला परवडतो? जो विषाची व्यवस्था करण्याचा खर्च करीत नाही त्याला. तो वायर जाळून तांबे काढतो. त्या धुरात डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये असतात. पट्ट्या तेजाबात बुडवून सोने काढतो आणि उरलेले पाणी गटारात सोडतो. दिल्लीचे सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातील मुरादाबाद या कामासाठी प्रसिद्धीस आले. तेथे हातमोज्यांवाचून काम करणारी बाया-मुले कोणाच्या हजेरीपटावर नसतात. आम्ही कामगार चळवळीत वाढलेलो माणसे. म्हणून आम्हांला त्या चढ्या भावात कोणाच्या तरी फुप्फुसांची किंमत मिळविलेली दिसते. महाविद्यालयाला चार पैसे अधिक मिळाले, ते त्या माणसाने आपल्या आयुष्यातून दिले.

प्रश्न लहान नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यांपैकी रीतसर गोळा होऊन पुनश्चक्रात गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. आपल्याकडे यासंबंधीचे पहिले स्वतंत्र नियम २०११ साली निघाले व २०१२ पासून लागू झाले. २०१६ साली ते सुधारले गेले आणि सध्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. त्यांचे मुख्य सूत्र असे की, ज्याने वस्तू बनवून विकली त्यानेच तिच्या अंत्यविधीचीही जबाबदारी घ्यावी. एक हजार वा त्याहून अधिक उपकरणे वापरणाऱ्या संस्थेवर कचरा नोंदणीकृत माणसाच्याच हाती देण्याचे बंधन आहे. लहान महाविद्यालये बहुधा या आकड्याच्या आत राहतील. पण कायदा दाराशी आला नाही म्हणून कर्तव्यही दाराबाहेर राहिले, असे समजू नये.

आता प्रत्यक्ष काम कसे करावे ते सांगतो. प्रथम एक जबाबदार शिक्षक, एक कार्यालयीन कर्मचारी व राष्ट्रीय सेवा योजनेची चार-सहा मुले एवढ्यांची समिती करावी. तिने रजिस्टर हाती घेऊन प्रत्येक खोलीतील वस्तू मोजावी. जी दुरुस्त होईल ती आधी दुरुस्त करावी. गावातला मोबाईल व रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर येथे मोठा उपयोगी पडतो. जुना संगणक एखाद्या शाळेत आणखी चार वर्षे चालला, तर तोच सर्वांत उत्तम उपाय होय.

जे उरेल त्याची वर्गवारी करावी. खोली कोरडी व कुलूपबंद असावी. बॅटऱ्या वेगळ्या काढून त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावावी आणि त्या वाळूच्या डब्यात, उन्हापासून दूर ठेवाव्यात. आपल्याकडचा वैशाख त्यांना मानवत नाही. फुगलेल्या बॅटरीला मुलांनी हात लावू नये. काच फोडू नये, वायर सोलू नये. संगणकाच्या डिस्कवर मुलांचे गुण, जातीचे दाखले, आधार क्रमांक असतात. ती कायमची पुसून किंवा भोके पाडून मगच बाहेर द्यावी. शेवटी वजन करून, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंद असलेल्या पुनश्चक्रकाला माल द्यावा आणि त्याची पावती फलकावर लावावी. एका संस्थेचा माल थोडा भरतो, गाडीभाडे परवडत नाही. म्हणून तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांनी मिळून वर्षातून एकदा गाडी बोलवावी. एकजुटीने भाडेसुद्धा कमी होते, हे संघटनेचे पहिले गणित आहे. नॅकच्या तपासणीसाठी दाराशी एक पेटी ठेवून तिचे छायाचित्र काढणे म्हणजे हे काम नव्हे.

येथे कोणी म्हणेल, मग त्या फेरीवाल्या भंगारवाल्याचे काय? त्याला हाकलून द्यावे काय? मुळीच नाही. ज्याच्या पोटावर पाय देऊन स्वच्छता येते, ती स्वच्छता आम्हांला नको. पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा गोळा करणाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया. पुढे त्यांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली पुणे महापालिकेने तिच्याशी कचरावेचनाचा करार केला. ज्यांना लोक कचरेवाली म्हणत, त्या ओळखपत्र असलेल्या कामगार झाल्या. आपणही तोच धडा घ्यावा. गोळा करणे, वाहून आणणे, निवडणे हे काम फेरीवाल्याला मजुरी ठरवून द्यावे. फोडणे, जाळणे, तेजाब हे मात्र त्याच्या अंगणातून कायमचे जावे. त्याचे पोटही भरेल आणि छातीही शाबूत राहील.

आपल्या मुलांना आपण संगणक चालवावयास शिकवितो. पुढच्या निर्लेखन समितीच्या बैठकीत त्यांतील एखाद्याने उभे राहून, ‘हा माल पुढे कोण फोडणार आहे?’ एवढे विचारले, तरी आमच्या मते त्याचे शिक्षण सार्थकी लागले.