मास्क नको, पण मला वाचवा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेअकराच्या सुमारास एसटीतून निवृत्त झालेल्या एका चालकाला त्यांची मुलगी रिक्षातून आमच्या अपघात विभागात घेऊन आली. छातीत कळ, डावा हात जड, अंगाला दरदरून घाम. ईसीजीत हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता. पुढची कामं आमच्या अंगवळणी पडलेली असतात. अ‍ॅस्पिरिन चघळायला दिली, सलाईनची सुई लावली, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मागवलं. तेवढ्यात निवासी डॉक्टरनं सवयीनं ऑक्सिजनचा मास्क काकांच्या तोंडाजवळ नेला. काकांनी तो हिसकावून फेकला, हातातली सुई उपटली आणि स्ट्रेचरवरून पाय खाली सोडले. ‘‘मला घरी जाऊ द्या. मरायचंच असेल तर घरी मरतो.’’

मुलगी रडत रडत सांगू लागली. एप्रिल २०२१ मध्ये करोनामुळे ते १९ दिवस एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात होते. आजूबाजूच्या खाटांवरचे तिघे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. घरी आल्यापासून दाराला कडी लावून झोपत नाहीत, हेल्मेट घालत नाहीत, टीव्हीवर रुग्णालयाचं दृश्य आलं की उठून बाहेर जातात. छातीत दुपारी चारपासूनच दुखत होतं. रुग्णालयात जावं लागेल म्हणून त्यांनी रात्रीपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

वीस वर्षांपूर्वीचा मी असतो तर ओरडलो असतो, आणि तरी ऐकलं नाही तर ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ घरी जात असल्याच्या कागदावर सही घेतली असती. अशी सही मी घेतलेलीही आहे. दम लागलेली एक बाई दाखल व्हायला तयार नव्हती. पहिल्या बाळंतपणात तिचे फार हाल झाले होते, असं तिची सासू सांगत होती. मी ते ऐकूनही ऐकलं नाही. केसपेपरवर लिहिलं, ‘रुग्ण सहकार्य करत नाही’. दोन दिवसांनी तिला परत आणलं तेव्हा आमच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं.

भयंकर प्रसंगानंतर मनावर उरणाऱ्या या आजाराला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८० साली आपल्या यादीत स्थान दिलं. तेव्हा डोळ्यांपुढे मुख्यतः युद्धावरून परतलेले सैनिक होते. रुग्णालयाची खाटही माणसाला असाच घाव देऊ शकते, हे आम्हा डॉक्टरांच्या पचनी पडायला वेळ लागला. अतिदक्षता विभागातून वाचून घरी गेलेल्यांपैकी साधारण पाचांत एकाला अशी लक्षणं दिसतात, असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर आढळलं आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हे प्रमाण सुमारे आठांत एक आहे, आणि अशा रुग्णांना पुन्हा झटका येण्याचा किंवा मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट दिसतो. कारणं शोधायला लांब जायला नको. रुग्णालयाची आठवण नको म्हणून औषध चुकतं, तपासणी टळते, दुखणं अंगावर काढलं जातं.

अशा क्षणी मेंदूत काय घडतं? धोका ओळखणारा बदामाएवढा भाग विचार करणाऱ्या भागाची वाट पाहत नाही. स्पिरिटचा वास, मॉनिटरची टिटिट, नाकाला लागलेलं प्लास्टिक, एवढ्यावरही तो शरीराला ‘पळ’ म्हणून सांगतो. ही जुनी आठवण आहे, आज २०२१ नाही, हे त्या घटकेला माणसाला उमगतच नाही. त्यामुळे ‘घाबरू नका’ हे आमचं आवडतं वाक्य तिथे अगदीच निकामी ठरतं.

काकांच्या बाबतीत मी बोटाला लावलेल्या यंत्राकडे पाहिलं. रक्तातला ऑक्सिजन ९६ टक्के होता. म्हणजे मास्कची गरजच नव्हती. हृदयविकारात ऑक्सिजन पुरेसा असताना वरून दिल्यानं फायदा होत नाही, हे स्वीडनमध्ये सहा हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या अभ्यासातून २०१७ सालीच समोर आलं आहे. आम्ही मास्क लावत होतो तो केवळ सवयीनं. मी तो उचलून त्यांच्यासमोरच मामांकडे दिला आणि सांगितलं, ‘‘काका, हा लावणार नाही. पुढे गरज पडलीच तर आधी विचारीन. मुलगी इथेच थांबेल. फक्त सुई परत लावू द्या.’’ मॉनिटरचा आवाज कमी केला, खाट दाराकडे तोंड करून फिरवली. सिस्टरनी प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगायला सुरुवात केली. या सगळ्यात चार मिनिटं गेली असतील. झटक्यात चार मिनिटंही मोलाची असतात, पण भांडणात याहून जास्त गेली असती.

वाचकांपैकी कुणाला असा पूर्वानुभव असेल तर तो प्रकृती ठीक असतानाच एका कागदावर लिहून ठेवावा. कोणत्या आजारात काय झालं, कशाची भीती वाटते, कशानं बरं वाटतं, जवळ कोण हवं. चार ओळी पुरेत. औषधांच्या यादीबरोबर तो पाकिटात ठेवा आणि डॉक्टरांच्या हातात द्या. आमच्याकडे रात्री एक डॉक्टर वीस रुग्ण पाहत असतो. लांब हकीकत ऐकायला त्याला सवड नसते, पण चार ओळी तो वाचतो. रुग्णवाहिकेची वाट पाहताना जुनं दृश्य समोर येऊ लागलं तर पाय जमिनीवर घट्ट टेकवा, आजची तारीख आणि समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावं मोठ्यानं म्हणा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. नातेवाइकांनी ‘तेव्हाचं आता कशाला काढता?’ असं म्हणू नये.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. छातीत धडधड झाली की ‘जुनी भीतीच असेल’ असं घरच्या घरी ठरवू नका. भीती आणि झटका दोन्ही एकाच वेळी असू शकतात. आधी १०८ ला फोन करा, ईसीजी निघू द्या, भीतीचं नंतर पाहू. तिच्यावरही उपचार आहेत. आघातावर केंद्रित समुपदेशनानं अनेकांना चांगला गुण येतो. सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल तर सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत सुरू असतो.

काका सहाव्या दिवशी घरी निघाले. निघताना त्यांनी विचारलं, ‘‘साहेब, त्या वेळी माझे हात कुणी बांधले होते? मी काय गुन्हा केला होता?’’ इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की आपल्याला पोलिसांनी पकडून ठेवलं होतं. अतिदक्षता विभागात ताप, औषधं आणि झोपेचा अभाव यांमुळे अनेकांना भ्रम होतो; खऱ्या आठवणीपेक्षा असे भास जास्त छळतात. मी त्यांना सांगितलं, भ्रमात रुग्ण घट्ट बसवलेला मास्क ओढून काढतात, म्हणून कधी कधी हात मऊ पट्टीनं बांधावे लागतात. तुमच्या बाबतीत बहुधा तेच झालं असावं.

ते बराच वेळ मनगटांकडे पाहत राहिले. मग मुलीला म्हणाले, ‘‘त्या कागदावर आणखी एक ओळ लिही. हात बांधायचे असतील तर आधी सांगा म्हणावं.’’