माळ्यावरचा ठेवा
पन्नाशीतला तंत्रवेडा गृहस्थ रविवारी विवाहसमारंभांच्या जुन्या व्हीएचएस फिती घेऊन बसला, की घरच्यांना तो पोरखेळ वाटतो. वस्तुतः ते काम निकडीचे आहे. १९७६ साली जपानमध्ये अवतरलेल्या या फितींची यंत्रे बनविणे फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये थांबविले. दमट हवेत फितीला बुरशी लागते, चुंबकीय थर क्षीण होतो. यंत्र चालते आहे तोवर चित्रण संगणकावर उतरवावे. एक प्रत घरी, दुसरी परगावच्या नातलगाकडे ठेवावी. गेलेले चित्रण परतत नाही. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’देखील आज अपुराच उरला आहे. पिढ्यान्‌पिढ्या चोपड्या जपणाऱ्या घराण्यांनी आजोबांचा आवाजही जमेस धरावा.