पाच लिटर पाण्यासाठी कळसूबाई

एक हजार किलोची मोटार समुद्रसपाटीवरून उचलून १,६४६ मीटर उंच कळसूबाईच्या माथ्यावर ठेवायची, तर किती वीज लागेल? घर्षण आणि यंत्रातली गळती सोडली, तर साधारण साडेचार युनिट. हीटरवर चालणाऱ्या ड्रायरमध्ये आठ किलो धुतलेले सुती कपडे एकदा वाळवायलाही जवळपास तेवढीच वीज लागते. पावसाळ्याला कंटाळून ड्रायर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने हा हिशेब आधी समजून घ्यावा.

यातली मेख पाण्यात आहे. मिनिटाला हजार फेऱ्यांनी पिळून निघालेले कपडे हाताला नुसते दमट लागतात, पण सुती कपड्यांत अजून त्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण ६० टक्के पाणी असतं. आठ किलोंत ४.८ लिटर! एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ३१५ किलोज्यूल पुरतात. तेवढंच पाणी कपड्यातून वाफ करून उडवायला लागतात २,४०० च्या आसपास, म्हणजे सातपटींहून जास्त. सगळ्या ४.८ लिटरचे होतात सव्वातीन युनिट. मे महिन्यात भर दुपारी गच्चीच्या एकेका चौरस मीटरवर जवळजवळ एक किलोवॉट ऊन फुकट पडत असतं, म्हणून हा खर्च आपल्याला कधी जाणवत नाही.

जुलैत मात्र हवाच दगा देते. मुंबई-कोकणात तापमान २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर एक घनमीटर हवेत २२ ग्रॅम बाष्प आधीच भरलेलं असतं. आणखी जेमतेम चार ग्रॅम मावतं. ४.८ लिटर पाणी सामावून घ्यायला किमान १,२०० घनमीटर हवा हवी. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत ती ३४ घनमीटर असते. म्हणजे एका धुण्याला पस्तीस खोल्यांची हवा! खिडक्या लावून घेऊन घरात दोऱ्या बांधल्या की कपड्यांना कुबट वास का येतो, ते यावरून कळेल.

हीच हवा ६० अंशांपर्यंत तापवली, तर दर घनमीटरला शंभर ग्रॅमहून जास्त पाणी ओढून घेते. हीटरचा ड्रायर तेच करतो. पण कपड्यांतून निघालेल्या बाष्पात दडलेली सगळी उष्णता तो पाइपातून बाहेर टाकतो, नाहीतर घरातच सोडून देतो.

हीट पंपाचा ड्रायर ती उष्णता सोडत नाही. फ्रीजमध्ये असतो तसाच कॉम्प्रेसर यात असतो. ओली, गरम हवा थंड नळ्यांवरून जाते, बाष्पाचं पाणी होतं आणि वाफ होताना घेतलेली उष्णता परत देतं. ती गरम नळ्यांकडे नेऊन हवा पुन्हा तापवली जाते. टाकीचा खण ओढला की आत लिटरांनी मोजावं एवढं पाणी साठलेलं दिसतं; त्यातल्या प्रत्येक लिटरमागे सुमारे दोन-तृतीयांश युनिट उष्णता परत कामाला लागलेली असते. म्हणूनच सव्वातीन युनिटांचं काम हे यंत्र मीटरवर दीड ते दोन युनिटांत करतं. वेळ जास्त लागतो, दोन-तीन तासही. पण कपडे कमी तापतात, म्हणून जास्त टिकतात. स्वित्झर्लंडने २०१२ पासून व्यवहारात फक्त हीट पंपाच्याच ड्रायरना बाजार खुला ठेवला. १ जुलै २०२५ पासून युरोपीय संघातही तोच नियम आहे.

आता हा आकडा महाराष्ट्राएवढा करून पाहू. एक कोटी घरांनी पावसाळ्यात प्रत्येकी ५२ वेळा ड्रायर लावला, असं धरा. हीटरचे ड्रायर २३४ कोटी युनिट खातील. १,९६० मेगावॉटचा कोयना प्रकल्प पूर्ण क्षमतेने पन्नास दिवस, रात्रंदिवस चालवावा लागेल, केवळ कपडे वाळवण्यासाठी. हीट पंपाला एकोणीस दिवस पुरतील.

सगळ्यात स्वस्त ड्रायर मात्र वॉशिंग मशीनमध्येच बसलेला आहे. अर्धा मीटर रुंदीचा ड्रम मिनिटाला १,४०० फेरे घेतो, तेव्हा कपड्यातल्या थेंबावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे साडेपाचशेपट जोर पडतो. उरलेलं पाणी ६० वरून ५० टक्क्यांवर येतं. तो ०.८ लिटर पाण्याचा फरक वाफेने काढायचा तर अर्ध्या युनिटाहून जास्त उष्णता लागते. पिळायला त्याचा लहानसा अंशच.

तेव्हा आधी मशीनचा स्पिन वाढवा. मग मोकळ्या खिडकीशेजारी दांडी आणि वर पंखा: ७५ वॉटचा पंखा दहा तास चालला तरी पाऊण युनिट. एवढ्याने भागत नसेल, तरच ड्रायर घ्या, आणि तो हीट पंपाचा, कपडे वाळले की आपोआप थांबणारा सेन्सर असलेला. एका फेरीला किती युनिट लागतात, हे विक्रेत्याला विचारा. धुणं-वाळवणं एकाच यंत्रात हवं असेल, तर वाळवण्याची क्षमता वेगळी पाहा. आठ किलो धुणाऱ्या यंत्रात बऱ्याचदा पाचच किलो वाळतात. किंमत एकदाच मोजायची असते, बिल मात्र दर पावसाळ्यात येतं.