यंत्राने कोणाचे काम नेले?

नवे यंत्र आले की माणसाचे काम जाते, असे आपण सरसकट म्हणतो. पण मंडळी, कोणाचे काम? इतवारीच्या कापडबाजारात उभे राहून हे नीट विचारले पाहिजे.

१८६७ साली नागपूरला रेल्वे आली आणि विलायती सुताची वाट सोपी झाली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. जुन्या म्यूल यंत्रावर आधी सूत कातायचे, मग थांबून गुंडाळायचे. पुढे तिथे आलेल्या रिंग चात्यांवर दोन्ही कामे एकाच वेळी होऊ लागली, आणि सूत स्वस्त झाले.

घाव बसला तो घरात चरखा फिरवणाऱ्या बाईवर. एका मागाला सूत पुरवायला कित्येक चरखे लागत. ते बंद पडले, तरी बाजारात हाकबोंब झाली नाही. उलट विणकराचा हातमाग गिरणीच्याच सुतावर तगला. कोष्टी आणि मोमीन वस्त्यांतली खटखट चालू राहिली. त्याच्यावर पाळी आली ती नंतर, यंत्रमागाच्या काळात.

एम्प्रेस मिलने १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड काढला. त्या काळाच्या मानाने ही मोठीच गोष्ट! पण तो फाटकाच्या आतल्यांसाठी. चरखेवालीचे नाव कोणत्या हजेरीपटावर असणार?

२००२ साली मिलही बंद झाली. आता तिथे मॉल आहे. संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलताना आपण पुन्हा पगारपत्रकावरचीच माणसे मोजतो.