गढूळ पाण्यातील विजेचा मासा

अंधाऱ्या रात्री बांधावरून जाणारा शेतकरी हातातील काठी पुढे टेकवीत वाट काढतो. आफ्रिकेतील नद्यांच्या गढूळ पाण्यात राहणारा एक मासा हेच काम विजेच्या साहाय्याने करतो. शास्त्रीय भाषेत त्यास जिम्नार्कस निलोटिकस म्हणतात. नाईल, नायजर, व्होल्टा, सेनेगल व गँबिया या नद्या आणि चाड सरोवर हे त्याचे वसतिस्थान होय. काठावरील दलदल व पाणवनस्पतींची दाटी त्यास विशेष मानवते.

शरीररचना व वीज

हा मासा लांबट असून दीड मीटरपर्यंत वाढतो. त्याची शेपटी उंदराच्या शेपटीसारखी निमुळती असते व तिला पर नसतो. पाठीवरील लांबच लांब पर लाटेप्रमाणे हालवून तो पोहतो. शरीर मात्र ताठ ठेवतो. लाटेची दिशा पालटली की तो तितक्याच सहजतेने मागे सरकतो आणि कोठेही आपटत नाही.

डोळे अधू असताना हे कसे साधते? केंब्रिज येथील प्राणिशास्त्रज्ञ हान्स लिसमन यांनी १९५१ मध्ये दाखवून दिले की, या माशाच्या शेपटीतून दर सेकंदास सुमारे ३०० विद्युत्-स्पंदने अखंड बाहेर पडतात. ही वीज अत्यंत सौम्य असते. शिकार मारण्यासाठी ती नसते. तिच्यामुळे माशाभोवतीच्या पाण्यात विद्युत्-क्षेत्र तयार होते. जवळ दुसरा मासा आला तर वीज त्याच्याकडे एकवटते, कारण सजीवाचे शरीर गोड्या पाण्यापेक्षा विजेचे चांगले वाहक असते. दगड आला तर ती त्याला वळसा घालते. कातडीतील सूक्ष्म ज्ञानेंद्रिये हा फरक टिपतात. शेपटी वाकली तर क्षेत्रच बदलेल, म्हणून शरीर ताठ ठेवणे आवश्यक ठरते.

१९५८ मध्ये लिसमन व मॅचिन यांनी यासंबंधीचे प्रयोग प्रसिद्ध केले. सच्छिद्र मातीच्या सारख्याच दिसणाऱ्या भांड्यांपैकी कोणत्या भांड्यात काचेची कांडी लपविली आहे, हे मासा बाहेरूनच ओळखू शकला. ती कांडी अवघी २ मिलिमीटर जाडीची होती.

तरंगते घरटे

पुराचे पाणी सखल गवताळ भागात पसरले की हा मासा गवताचे तरंगते घरटे बांधतो. त्याच्या तीन बाजूंची कड पाण्याबाहेर असते व चौथी बाजू खुली राहते. १९०० मध्ये जॉन बजेट यांनी गँबियात अशी घरटी अभ्यासली. एका घरट्यात हजाराच्या आसपास अंडी असतात आणि पालक मासा त्यांची कडवी राखण करतो. तो घरटे सोडीत नाही. म्हणूनच अशा वेळी तो एक मासा पकडला, तर पुढील वर्षाचे हजार मासे राखणीवाचून उघडे पडतात.

वसतिस्थानाचे मोल

१९६० च्या दशकाच्या आरंभी चाड सरोवर सुमारे २५,००० चौरस किलोमीटर पसरलेले होते. १९७० व १९८० च्या दशकांतील दीर्घ अवर्षणांमुळे, तसेच सिंचनासाठी झालेल्या पाण्याच्या उपशामुळे ते एक दशांशाहूनही कमी उरले. पुढे पाणी काहीसे वाढले. परंतु पुराचे पाणी काठावर पसरले नाही, तर घरट्यासाठी जागाच राहत नाही. विजेचे ज्ञानेंद्रिय कितीही तीक्ष्ण असले, तरी ते या माशाला पाणी मिळवून देऊ शकत नाही.

महाराष्ट्रातील नद्या व तलावांत आढळणारा चपटा चालट मासा याच मोठ्या गणातील होय. त्याला वीज नाही. पण तोही अंड्यांची राखण करतो. आपल्याकडे पहिल्या पावसात ओढ्यांतून वर येणारे चढणीचे मासेही अंडी घालण्यासाठीच उथळ पाणी शोधतात. तेव्हा ग्रामसेवकांनी पावसाळ्याच्या आरंभीच गावकऱ्यांना दोन गोष्टी समजावून द्याव्यात: ओढ्याचे पात्र जाळ्याने पूर्ण अडवू नये, आणि तलावाची सफाई करताना काठचे सर्व गवत एकदम काढू नये. एवढे जपले तर पाण्यातील हे पीक दरवर्षी हाती लागेल.